चरबीची बाजू

भारंबे मॅडमसमोर कुणी "अंगावर चरबी झालीय" असं म्हटलं, की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "मग? यकृत झालंय म्हणून कधी तक्रार केलीत का?" समोरच्याला वाटायचं बाई विनोद करताहेत. बाई विनोद करत नसत. चरबी हा शरीराचा एक अवयव आहे, तो ऐकतो, बोलतो, मेंदूपर्यंत निरोप धाडतो, आणि त्याला जगभर शिव्या मिळतात, याचा त्यांना खरोखर राग होता. एखाद्या वकिलाला अशिलाबद्दल वाटावा तसा.

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं तंत्रज्ञ होतो. धुळ्याबाहेर हायवेला एका संस्थेची तीन-चार कॉलेजं आणि एक हॉस्पिटल आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही, माझे मित्र अजून तिथे नोकरीला आहेत म्हणून. मॅडम तिथे शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. गाव जळगावकडचं पहूर, लग्न केलं नव्हतं, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. बुटक्या आणि चांगल्याच जाड. सुती साडी, पदर कंबरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे बूट. मुलं त्यांना मागून 'भारी मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गात फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं होतं. त्यांनी खडू घेतला, 'भारी'मधला चुकलेला ऱ्हस्व दीर्घ केला आणि शिकवायला लागल्या.

मी रुजू झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. शवविच्छेदनाच्या खोलीत मुलं कामाला लागली की आधी कातडीखालची चरबी खरवडून काढतात, कारण त्यांना खालचे स्नायू आणि नसा बघायच्या असतात. ती चरबी टेबलाखालच्या बादलीत जाते. मॅडम काही कामाने तिथे आल्या, बादलीकडे बघितलं आणि एका मुलाला विचारलं, यात काय आहे. तो म्हणाला, काही नाही मॅडम, चरबी. त्यांनी त्याला बादली उचलून टेबलावर ठेवायला लावली. मग हातमोजे घातले, त्यातला एक तुकडा काढला आणि वर्गातल्या सगळ्यांना तासभर त्या एका तुकड्यावर शिकवलं. त्यात रक्तवाहिन्या कुठून येतात, नसा कशा शिरतात, पेशी कशा फुगतात. शेवटी म्हणाल्या, "ज्या माणसाने तुम्हाला आपलं शरीर दिलं, त्याने अख्खं दिलं. त्यातलं 'काही नाही' कोणतं, ते तुम्ही ठरवू नका."

त्या रागावल्या की आवाज चढत नसे, उलट खाली यायचा, आणि बोलणं पहूरकडच्या बोलीवर घसरायचं. आम्ही धुळ्याकडचे लोक त्या बोलीला हसतो. त्या वेळी मात्र कुणी हसायचं नाही.

कँटीनमध्ये त्या डबा उघडून वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायच्या, आणि मन लावून खायच्या. एकदा अस्थिरोगाचे एक प्राध्यापक शेजारच्या टेबलावरून म्हणाले, मॅडम, लठ्ठपणावर संशोधन करता आणि दुसरी भाकरी घेता? चारचौघे हसले. मॅडमनी घास संपवला. मग शांतपणे सांगितलं की मी रोज सकाळी पाऊण तास चालते, आणि विचारलं, सर, आपण पार्किंगपासून इथवर चालत आलात का? प्राध्यापकांची गाडी कँटीनच्या दाराशीच उभी होती. त्यावरही चारचौघे हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. प्रयोगशाळेत परत येताना मला म्हणाल्या, "सोनवणे, हा माणूस रोज गुडघ्याच्या पेशंटला आधी वजन कमी करून या असं सांगून परत पाठवतो. कसं कमी करायचं, ते सांगत नाही. दुखऱ्या गुडघ्यावर बाई चालणार कशी, तेही सांगत नाही. आणि ती घरी जाऊन स्वतःलाच दोष देते."

त्यांना जे शोधायचं होतं ते त्यांनी मला अगदी साधं करून सांगितलं होतं. चरबीची पेशी म्हणजे कोठी. जादा आलेलं ती साठवते, हे तिचं काम. कोठी ठासून भरली की पेशी ताणल्या जातात, त्यांच्यापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, काही मरायला टेकतात. मग शरीराचे पहारेकरी त्यांच्याभोवती गोळा होतात आणि दाह सुरू होतो. कोठीत न मावलेलं तेल यकृतात, स्नायूंत सांडतं. साखरेचा आजार या वाटेने येतो. आता माणूस नेमाने चालायला लागला, अंग घामेजायला लागलं, तर काट्यावर वजन हलण्याच्या आधी या कोठीच्या आत काय बदलतं? रक्तवाहिन्या वाढतात का? पहारेकरी पांगतात का? पेशीतल्या कुठल्या जनुकाचा हुकूम सुटतो आणि कुठल्याचा थांबतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तिसऱ्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पेशीतले ते हुकमाचे रेणू मोजावे लागतात, आणि ते इतके नाजूक असतात की चरबीचा तुकडा काढल्या काढल्या गोठवला नाही, तर तासाभरात त्यांचा मागमूस राहत नाही. म्हणून आमच्याकडे उणे ऐंशी अंशाचा एक फ्रीजर होता. मॅडमनी तो तीन वर्षं अर्ज करकरून मिळवला होता.

परदेशात हे काम चालतं, आपल्याकडेही मोठ्या शहरांत होतं. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या खानदेशातल्या बाईच्या चरबीला कुणी काही विचारलेलं नाही.

संस्थेने सुचवलं की आमच्याच मेसमधल्या आणि होस्टेलमधल्या कामवाल्या बायका घ्या, बोलावलं की येतील. मॅडमनी साफ नकार दिला. म्हणाल्या, त्या येतील कारण त्यांना नाही म्हणता येणार नाही. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला किंमत. मग त्या रोज संध्याकाळी हायवे ओलांडून पलीकडच्या वस्तीत जायला लागल्या. ओट्यावर बसायच्या, चहा प्यायच्या, बेंबीच्या बाजूला भूल देऊन सुईने हरभऱ्याएवढी चरबी काढायची आहे, एकदा आता आणि एकदा चार महिने मैदानावर चालून झाल्यावर, हे हातवारे करून सांगायच्या. त्यांची पूर्वेकडची बोली ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. महिनाभरात अकरा जणी तयार झाल्या.

पहिल्या दिवशी त्या अकराही जणी हॉस्पिटलच्या बाकड्यावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि एकही आत यायला तयार नव्हती. मॅडमनी सर्जनला सांगितलं, दार उघडं ठेवा. मग स्वतः टेबलावर चढून आडव्या झाल्या, साडी सैल केली आणि म्हणाल्या, घ्या माझी. सुई जाताना त्या बायकांकडे बघून बोलतच होत्या, आता भूल दिली, आता नुसतं ओढल्यासारखं वाटतंय, आता झालं. उठून बसल्या आणि त्यांनी पोटावरची पट्टी सगळ्यांना दाखवली. त्यानंतर पहिली आत आली ती बेबीअक्का.

बेबीअक्काची वस्तीत पिठाची गिरणी होती. वय पंचेचाळीसच्या पुढे, साखर होती, आणि अकरा जणींत सगळ्यात जाड तीच. तिच्या नवऱ्याला वस्ती नानाभाऊ म्हणायची. बायको कॉलेजच्या मैदानावर चालायला जाते म्हटल्यावर नानाभाऊने एक उद्योग सुरू केला. दर रविवारी तो तिला धान्याच्या काट्यावर उभी करायचा. गिऱ्हाइकं दळणाचे डबे घेऊन उभी असायची, आणि हा आकडा मोठ्याने वाचायचा. कुणीतरी म्हणायचं, अजूनही दोन गोण्यांचं वजन भरतंय. बेबीअक्काही हसायची. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस धुमसत होत्या. आमच्या प्रयोगशाळेत वजनाचा काटा होता, पण त्याचा आकडा बाईला न दाखवता मी कागदावर टिपायचा, असा त्यांचा नियम होता. बाई काट्यावर भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

दोन महिने छान गेले. सकाळी सहाला अकरा बायका आणि बारावी मॅडम मैदानाला फेऱ्या मारायच्या. आधी हळू, मग बोलताना धाप लागेल इतक्या वेगाने, मग हातात वाळूच्या पिशव्या घेऊन. वजनं फारशी हलली नव्हती. पण बायका जिने चढायला लागल्या होत्या, झोप लागते म्हणून सांगत होत्या. एक जण सांगत होती की नवऱ्याशी भांडताना आता धाप लागत नाही.

आणि मग तो फलक लागला.

संस्थेचं महाआरोग्य शिबिर होतं. हायवेच्या चौकात मोठा फ्लेक्स टांगला गेला. त्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो, आणि शेजारी मैदानावर चालणाऱ्या एका बाईचा, बाजूने काढलेला, पोट नेमकं मध्यभागी. चेहरा पुसट केलेला. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'आळसाचं ओझं किती दिवस वाहणार?' फोटो संस्थेच्या प्रसिद्धी विभागाने लांबून काढला होता. कुणाला विचारलं नव्हतं. मॅडमनाही नाही.

दुसऱ्या दिवशी बेबीअक्का आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडम मला घेऊन गिरणीवर गेल्या. तिचा मुलगा चौकातून येताना तो फलक बघून आला होता आणि आईशी बोलत नव्हता. मॅडम म्हणाल्या, अक्का, चेहरा दिसत नाही त्यात. बेबीअक्का पिठाने भरलेले हात झटकत म्हणाली, "तोंड झाकी दिधं, पन बठ्ठा लोके लुगडं वळखतस ना."

मॅडम उठल्या, प्रयोगशाळेत आल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप ज्या पात्याने काढतो त्यातलं एक जुनं पातं रुमालात गुंडाळलं आणि चौकाकडे चालू लागल्या. मी मागून. सकाळचे साडेदहा वाजले होते, चौक भरलेला होता. चहाच्या टपरीवरचं स्टूल त्यांनी मागून घेतलं. मी ते धरून उभा राहिलो. मॅडमनी खालच्या दोन दोऱ्या कापल्या, मग स्टूल सरकवून वरच्या दोन. फलक अध्यक्षांसकट खाली आला. दोन पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. मॅडम त्यांना म्हणाल्या, "नीट काढा. माझा चेहरा झाकू नका."

फलकाची गुंडाळी करून त्यांनी ती तशीच गिरणीवर नेली आणि बेबीअक्काच्या पुढ्यात ठेवली. हा तुमचा आहे, जाळा, फाडा, काय वाटेल ते करा. बेबीअक्काने तो उलगडून बघितला, बोटांनी चाचपला, मग मुलाला हाक मारली. गिरणीचं छत एका कोपऱ्यात गळत होतं. फलक छपाईची बाजू खाली करून त्या कोपऱ्यावर घातला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मैदानावर हजर होती, त्याच लुगड्यात.

संस्थेची चौकशी बसली, पण तिथल्या रिवाजाप्रमाणे रेंगाळली. तेवढ्यात आमचे चार महिने पूर्ण झाले आणि दुसऱ्यांदा नमुने घेतले गेले. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. एक मेणात बसवून काप काढण्यासाठी, एक फ्रीजरमध्ये, रेणू मोजण्यासाठी. ती मोजणी पुण्याला व्हायची होती. मी काचपट्ट्या तयार केल्या आणि मॅडमनी आठवडाभर त्या बघितल्या. कुणाची कुठली, आधीची की नंतरची, हे त्यांनी स्वतःपासून लपवायला लावलं होतं. यादी माझ्या कपाटात होती. सगळं मोजून झाल्यावर आम्ही यादी जुळवली. बऱ्याच जणींच्या चरबीत बारीक रक्तवाहिन्या वाढल्यासारख्या दिसत होत्या, पहारेकरी पेशींचे वेढे विरळ झाले होते. दोघींच्यात काहीच फरक नव्हता. मी म्हणालो, मॅडम, अकराच तर आहेत, त्या दोघींचं नंतर बघू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ते बोलणं गिळावंसं वाटलं. म्हणाल्या, "त्या दोघी काय कमी चालल्या का?" अहवालात त्या दोघी सगळ्यात आधी लिहिल्या गेल्या.

बेबीअक्काच्या दोन काचपट्ट्यांमधला फरक मात्र मलासुद्धा दिसत होता. मॅडमनी रिक्षा बोलावली, सूक्ष्मदर्शक चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि आम्ही गिरणीवर गेलो. रविवार होता, गिऱ्हाइकं होती, आणि नानाभाऊचं रविवारचं वजन नुकतंच झालेलं होतं. पट्टा बंद करून दळण थांबवलं. पिठाच्या डब्यावर फळी टाकून यंत्र मांडलं. बेबीअक्काने एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. पहिल्या पट्टीवर मोठमोठ्या पांढऱ्या खोल्या, आणि त्यांच्या भिंतींना लागून काळ्या ठिपक्यांची दाटी. दुसरीवर खोल्या त्याच, पण दाटी ओसरलेली, आणि मधून बारीक वाटा निघालेल्या.

"हाई बठ्ठं मन्हा आंगमा शे?" तिने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, हो, सगळं तुमच्याच अंगातलं. या वाटा तुम्ही पाडल्यात, चालून.

नानाभाऊनेही बघितलं. त्याला काय दिसलं कोण जाणे. मान वर करून तो म्हणाला, "पन मॅडम, वजन तं उतरनं नही."

मॅडमचा आवाज खाली आला. "भाऊ, दळण कसं झालंय ते तुम्ही कशाने पारखता?"

त्याने चिमटीत पीठ धरून दाखवलं.

"काट्याने का नाही पारखत? दहा किलो जाडंभरडं आणि दहा किलो बारीक, काटा दोन्हीला दहाच म्हणतो. तुमच्या बायकोच्या आत चार महिन्यांत बारीक दळण झालंय आणि तुम्ही तिला दर रविवारी काट्यावर उभी करून गावाला हसवताय. पीठ तुम्हाला कळतं. बाई नाही कळत?"

ज्यावर बायकोला उभी करायचा ती काट्यावरची फळी नानाभाऊने उचलून कोपऱ्यात ठेवली आणि पट्टा चालू केला. त्यानंतर त्याने तिला काट्यावर उभं केलं नाही असं बेबीअक्का सांगायची. मी एवढंच म्हणेन की मला ती पुन्हा काट्यावर कधी दिसली नाही.

पुढच्याच आठवड्यात चौकशीचा निकाल लागला. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल खुलासा मागवला होता, आणि मॅडमनी एका ओळीत दिला होता, 'ते पोट संस्थेच्या मालमत्तेत केव्हापासून मोडतं, हे कृपया कळवावे.' त्यांना महिन्याभराच्या सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्या जळगावला बहिणीकडे गेल्या. जाताना मला फ्रीजरची किल्ली दिली आणि सांगितलं, पुण्याला नमुने पाठवायची तारीख रजेनंतरची आहे, तोवर रोज दोनदा तापमान टिपत जा.

ते मी टिपत होतो. पण त्याच महिन्यात आमची प्रयोगशाळा निम्मी रिकामी करायचा हुकूम आला, कारण तिथे संस्थेचं 'आरोग्य केंद्र' उघडायचं होतं. धावण्याची दोन यंत्रं येणार होती आणि अध्यक्ष त्यांतल्या एकावर उभं राहून फोटो काढणार होते. फ्रीजर व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत हलवायला सांगितलं. त्या खोलीतला प्लग जनरेटरच्या लाइनवर नव्हता. मी ते प्रशासनाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवसांत लाइन ओढून देतो. मी मान डोलावली.

शनिवारी दुपारी वीज गेली. रविवार आणि जोडून आलेली सुट्टी. मी पारोळ्याला घरी गेलो होतो. फ्रीजरला धोक्याची घंटी आहे, ती वाजली असणार, पण व्हरांड्याच्या टोकाला ऐकायला कोण होतं? मंगळवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा खालच्या कप्प्यातून पाणी येत होतं. बावीस कुप्या. अकरा चालण्याआधीच्या, अकरा नंतरच्या. सगळं कोमट. वीज रविवारीच परत आली होती, पण फ्रीजर आपणहून पुन्हा सुरू झाला नव्हता.

मी फोन केला. मॅडम दुपारच्या बसने आल्या. त्यांनी कुप्या बघितल्या, खोली बघितली, प्लग बघितला.

"तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो मॅडम. सांगितलं होतं."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?"

त्या एवढंच बोलल्या. मला वाटतं, त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

संस्थेने पंचनामा केला आणि 'तांत्रिक बिघाड' असा शेरा तयार ठेवला. मॅडमनी सही केली नाही. तो शब्द खोडून वर 'निष्काळजीपणा' लिहिलं, आणि खाली ज्यांची म्हणून जबाबदारी होती त्यांची पदं लिहिली. त्यात सगळ्यात वर स्वतःचं लिहिलं, चौथ्या जागी माझं. साहेब म्हणाले, मॅडम, हरभऱ्याएवढ्या चरबीसाठी एवढं? ती पोटात भरपूर आहे, पुन्हा घ्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा मॅडमचा आवाज चढलेला ऐकला. काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, आणि ते सगळं पहूरच्या बोलीत होतं.

मग त्या एकेकीच्या घरी गेल्या. अकराही घरी. मी बरोबर होतो, कारण त्यांनीच यायला सांगितलं होतं. दारात उभं राहून त्या सरळ सांगायच्या, तुम्ही विश्वासाने दिलंत ते आम्ही सांभाळलं नाही, आमच्याकडून वाया गेलं, मी माफी मागायला आले आहे. बहुतेक बायकांना त्यात काय मोठंसं असंच वाटलं. एकीने पाणी दिलं. एक घाबरली, तिला वाटलं आता काही आजार होईल. तिला समजावण्यात तास गेला.

बेबीअक्काने गिरणी थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग सहज म्हणाली, "मंग परत काढी ल्या."

मॅडमनी तिला समजावून सांगितलं. नंतरची परत घेता येईल. पण चालण्याआधीची कुठून आणणार? ते शरीरच आता राहिलेलं नाही. तुम्ही चाललात, ते बदललं, आणि बदलण्याआधी त्याच्या पेशी काय बोलत होत्या त्याची एकच नोंद आमच्याकडे होती. ती गेली.

बेबीअक्का विचार करून म्हणाली, "मंग वाया काय गयं? मी तं चालनी ना."

मला बरं वाटलं. वाटलं, हिने सगळ्यांना मोकळं केलं, आता मॅडम हसतील. पण मॅडमनी मान हलवली. "अक्का, तुमचं चालणं तुमचं. ते कुणी वाया घालवू शकत नाही. पण जे आम्हाला दिलं होतंत ते वाया गेलं. माझी समजूत घालू नका. मला राग राहू द्या."

नवीन बायका घेऊन पुन्हा सुरुवात करायचा प्रस्ताव त्यांनी दिला होता. तो नामंजूर झाला. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना त्यांनी राजीनामा दिला आणि जळगावला गेल्या. काचपट्ट्यांवरचा छोटा अहवाल तेवढा लिहिला, त्यात शेवटच्या परिच्छेदात गोठवलेले नमुने कसे नष्ट झाले ते स्पष्ट लिहिलं. आता तो कुठेतरी छापलेला आहे, चार लोकांनी वाचला असेल. आरोग्य केंद्रातली धावण्याची यंत्रं वर्षभरात बंद पडली असं मित्र सांगतात. प्रशासनाचे साहेब बढती मिळून वर गेले. बायका मैदानावर चालत राहिल्या, मग संस्थेने बाहेरच्यांना मैदान बंद केलं, तेव्हा हायवेच्या सर्व्हिस रोडने चालायला लागल्या. सकाळी ट्रक जातात तिथून. मला त्याचाही संताप येतो. दिवसभर रिकामं पडलेलं मैदान, आणि अकरा बायका ट्रकांच्या धुरात.

मीही ती नोकरी सोडली. पारोळ्यात बाजार समितीजवळ माझी रक्त-लघवी तपासण्याची छोटी लॅब आहे. रोज कुणी ना कुणी रिपोर्ट हातात घेऊन विचारतं, चरबी किती निघाली. मी त्यांना बसवतो आणि सांगायला लागतो. मॅडमसारखं मला जमत नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, पारोळ्याच्या बसस्टँडवर. धुळ्याहून आलेली जळगावची बस उभी होती, खच्चून भरलेली, मधल्या वाटेत लोक उभे. मी कुणाचा तरी रिपोर्ट ड्रायव्हरकडे द्यायला गेलो होतो. खिडकीतून दिसलं की एवढ्या गर्दीतही एका सीटवर एक जागा रिकामी आहे. खिडकीशी एक खूप जाड बाई बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी, अंग जितकं आवळता येईल तितकं आवळून खिडकीला चिकटलेली. उरलेल्या जागेत कुणी बसत नव्हतं. उभे लोक तिकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. एक कॉलेजकुमारी दांडा धरून उभी होती, पण बसत नव्हती.

तेवढ्यात मागून भारंबे मॅडम चढल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, पायात तसेच पांढरे बूट. त्यांनी गाडीभर नजर फिरवली. तो डोळ्यांतला राग मी काचेच्या बाहेरूनही ओळखला. मला वाटलं, आता बोलतील. पण बोलल्या नाहीत. लोकांना कोपरांनी बाजूला सारत त्या सीटपाशी आल्या आणि बसल्या. निम्म्या सीटवर, निम्म्या वाटेत. शेजारची बाई आणखी आकसायला लागली, तशी मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. त्या बाईचे खांदे खाली आले. ती नीट, ऐसपैस बसली.

मी काच वाजवणार होतो, पण कंडक्टरने घंटी दिली. बस वळून रस्त्याला लागली तेव्हा दोघी बोलत होत्या.